तेरेखोलच्या पाण्यात सोडलेलं दुखणं

१२ सप्टेंबर, गुरुवार

काल आमचा पाच दिवसांचा गणपती पोहोचवला. घर मोकळं मोकळं दिसतं. गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी सोडवली, तवशी आणि तोरिंगं शेजारी पूनमकडे दिली, नारळ सोलून ठेवले. दसऱ्यापर्यंत विकतचा नारळ नको.

फुगडीला यंदा मजा आली नाही. आमच्या मांद्र्याच्या वाडीत गाणं मी सांगते आणि बाकीच्या मागून ओढतात. परवा तिसऱ्या फेरीला वाकले आणि छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे काळं आलं. पदर खोचायचं निमित्त करून मी खांबाला टेकले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पूनम तेवढी म्हणाली, "शेवंतीवयनी, तू कदेलीर बसान गाणी सांग गे. तुझो आवाज बसल्यारच बरो लागता." आणि खुर्ची आणून ठेवली. तिला आवाजातलं कळतं.

कारण मला ठाऊक आहे. नेवऱ्या तळताना धूर छातीत जातो. आणि मार्गशीर्षात त्रेचाळीस पुरी होतील.

हे यंदाही नव्हते. मस्कतला कंपनीच्या कॅम्पात स्वयंपाकाला असतात. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, ती येत्या मे महिन्यात. आरतीच्या वेळी तनयाने फोन लावून गणपतीपुढे धरला. तिकडून ह्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या, पण आमच्या टाळीमागून, एकेक ठोका उशिरा. शेवटी आम्ही थांबलो तरी त्यांची एक टाळी उरली होती.

१५ सप्टेंबर, रविवार

ह्यांचा फोन. जेवण, पाऊस, सासूबाईंचं औषध झालं. मग म्हणाले, "देवीची आरती म्हण गो."

"आता? भात उतरायचो आसा."

"उतरूंदी. हंय कोण म्हणतलो? सगळी म्हण, मधीच सोडू नको."

मी चुलीपाशी उभं राहून म्हटली. कडव्यात दोनतीनदा थांबावं लागलं. संपल्यावर फोनमध्ये आवाजच नाही. मला वाटलं लाइन गेली. मग हळूच म्हणाले, "बरी म्हटलंस."

माणूस परक्या मुलखात राहिला की त्याला देव आठवतो. इथे असताना आरतीला उभं राहा म्हणून दहा हाका माराव्या लागत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंना घेऊन सातेरीच्या देवळात गेले. वरच्या वाडीच्या पायऱ्यांवर त्यांना आताशा फार वेळा बसावं लागतं. दहा पायऱ्या चढल्या की, "गुडघे गेले गे बाय, जरा टेकूया." मग मीही टेकते. आज तर दीपमाळेपर्यंत चार वेळा बसलो. मला काही घाई नव्हती.

गंमत अशी की परवा माळ्यावरचा भोपळा काढायला त्या शिडीवर चढल्या, तेव्हा गुडघे दुखले नाहीत. म्हातारपणाचं दुखणं लहरी.

तनया फोन घेऊन विहिरीकडे जाते आणि बारीक आवाजात बोलते. एकोणीसची झाली, कॉलेजात म्हापशाला जाते. कोणी मुलगा असेल. विचारायला हवं, पण कसं ते कळत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल म्हापशाच्या बाजारात मला भोवळ आली. शुक्रवारची गर्दी, ऊन, सकाळपासून पोटात चहा आणि अर्धा उंडा पाव. मिरच्यांच्या ढिगाशी वाकले होते, उठले ती थेट खाली. जागी झाले तेव्हा पाव विकणारी एक बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि तनया रडत होती. ती कॉलेज सुटल्यावर मला भेटायला आली ती अशी भेटली.

तनयाने ऐकलं नाही, इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टर होता. काळजाच्या ठोक्यांचा पट्टा काढला, तो पुन्हा बघितला. मग छातीवरचा वण बघून विचारलं, "ही शस्त्रक्रिया कधीची?"

"सहा वर्षांची असताना. मुंबईला."

"नेमकं काय केलं होतं? कागद आणा."

"कागद नाहीत."

"हरवले?"

"नाही. नदीत सोडले."

त्याने तनयाकडे बघितलं. तनयाने माझ्याकडे. तिलाही हे ठाऊक नव्हतं. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जाऊन छातीची मोठी तपासणी करा, उशीर करू नका, असं त्याने लिहून दिलं. मी चिठ्ठी देवघरात फोटोमागे ठेवली.

ह्यांना सांगू नकोस, असं तनयाला बजावलं. ती खाली मान घालून 'बरं' म्हणाली. पोर शहाणी आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

नदीचं लिहून ठेवते. लिहिलं म्हणजे डोक्यातून जाईल.

माझं माहेर केरीला, तेरेखोल नदीच्या अलीकडे. मी जन्मले ती निळी. रडले की ओठ जांभळासारखे होत. चार पावलं धावले की मी उकिडवी बसायची. तसं बसलं की बरं वाटे. शाळेत मला बेडकी म्हणत. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजात भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. आईने देवीला नवस बोलला, पोर जगली तर तिचं दुखणं तुझ्या स्वाधीन करीन.

मी जगले. घरी आल्यावर आईने इस्पितळाचे झाडून सगळे कागद परडीत घातले, वर हळदकुंकू, खण, नारळ. फेरीबोट मधल्या धारेत आली तेव्हा परडी पाण्यात सोडली आणि मोठ्याने म्हणाली, "घेतलंस ना? आता परत देऊ नकोस." मी कठड्याला धरून बघत होते. परडी बराच वेळ तरंगली. त्या दिवसानंतर आमच्या घरात माझ्या दुखण्याचा शब्द निघाला नाही. मुंबईला परत कोणी नेलं नाही. आई म्हणे, दिलेल्याची चौकशी केली तर देवीला वाटतं आपण परत मागतो.

तनयाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून विचारलं, तेव्हाही मी म्हटलं, लहानपणी भोक होतं, बुजवलं. बाळंतपण जड गेलं, पण बाळंतपणं जडच असतात.

आता आई नाही. तिने दिलेलं मी परत कशी मागू?

ह्यांचा फोन आला. पुन्हा आरती म्हणायला लावली. आज अर्ध्यातच थांबवलं. म्हणाले, "पुरे. जाय, पड जा."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नवरात्र गेलं. उपास मी केलेच. सातव्या दिवशी पाय सुजले ते उभं राहून.

आज सातेरीला कौल लावला. शंभू गुरव आमच्या लग्नाच्या आधीपासून पाकळ्या लावतात. मी गाऱ्हाणं घातलं, आईने दिलेलं दुखणं परत आलंय असं वाटतं, डॉक्टरकडे जाऊ का? होय तर उजवी दे, नको तर डावी. शंभूंनी ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर लावल्या आणि आम्ही बसलो.

एकही पडली नाही. घंटा वाजवली, पाणी शिंपडलं, सासूबाईंची माळ दोनदा फिरली. दुपारचा नैवेद्य झाला. पाकळ्या तशाच चिकटून.

"देवी आज बोलना," शंभू म्हणाले.

"मगे मी काय करू?"

"माका इचारतंस? मी पाकळी लावणारो." ते ताम्हण पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खंयच्याय बाजून बोलली आसती तरी तुका भयच वाटला आसता. खरां मा?"

पायऱ्या उतरताना मला रडू आलं. आई असती तर तिला विचारलं असतं. देवीही गप्प, आईही गप्प. सासूबाई एका पायरीवर बसल्या, मला हात धरून बसवलं.

"गे शेवंती, तुझ्या आवशीन देवीक काय दिलां? दुखणां."

"होय."

"काळीज दिललां?"

मी पदराने डोळे पुसले.

"तां तुझांच मा? मगे आपलां काळीज बगूक गेल्यार देवीक कित्याक राग येतलो? माका बापडीक इतकां कळता, तू तर मॅट्रिक शिकलंस." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. घरी येईपर्यंत पुन्हा बसल्या नाहीत, म्हणून मलाच त्यांना दोनदा थांबवावं लागलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बांबोळी. पहाटेची बस, पणजीला बदलून दुसरी. जन्मजात दोष असलेल्या मोठ्या माणसांसाठी तिथे महिन्यातून एकदा एक बाई डॉक्टर येतात. बाहेर बाकावर रांग. आधी वाटलं सगळे मुलांना घेऊन आलेत, मग बघितलं तर मुलं नव्हतीच. पेपर वाचणारा टक्कल पडलेला माणूस, हातभर चुडा घातलेली नवी नवरी. माझ्या शेजारी डिचोलीची एक बाई, शाळेत शिकवते. पदर सरला तेव्हा तिच्या गळ्याखाली माझ्यासारखीच रेघ दिसली. मी बघितलं ते तिने बघितलं.

"कितव्या वर्षी?" तिने विचारलं.

"सहा."

"माझं चार. उकिडवी बसायचीस?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला हसू आलं आणि मग हसू आवरेना. तीही हसायला लागली. टक्कलवाल्याने पेपर खाली घेऊन विचारलं, "मी सुद्धा. तुमका शाळेत काय म्हणायचे?" तिला कोंबडी म्हणत. त्याला काय म्हणत ते त्याने सांगितलं नाही.

जेल लावून, मशीन फिरवून बराच वेळ तपासलं. मग सगळ्यांत मोठी, बोगद्यात घालतात ती तपासणी. तिची तारीख पुढची. एका ताईने फोन नंबर घेतला आणि विचारलं, घरी कोणाला कळवायचं? मी म्हटलं, कोणाला नको.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बोगद्यातली तपासणी गेल्या आठवड्यात झाली. आज डॉक्टरीणबाईंनी कागदावर काळीज काढून दाखवलं. लहानपणी भोक बुजवलं, अरुंद वाट मोठी केली. ती मोठी करताना वाटेवरची झडप राहिली नाही, त्या काळी तसंच करत, त्यानेच मी जगले. पण झडप नाही म्हणून पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं. छत्तीस वर्षं उजवी बाजू तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलते आहे. ती फुगली आहे. भोवळ आली ती ठोका चुकल्यामुळे.

"म्हणजे ऑपरेशन बिघडलं?"

"नाही हो. चांगलं झालं होतं. पण तिथे संपलं नव्हतं. या आजारात आयुष्यभर तपासत राहावं लागतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. मी सहा वर्षांची होते, आणि कागद पाण्यात होते.

नवी झडप बसवायची. दोनेक महिन्यांत, त्याहून उशीर नको. बाजू आणखी ताणली तर नंतर झडप बसवूनही ती पहिल्यासारखी होत नाही. खर्च सरकारी योजनेतून. मी विचारलं, मे महिन्यात चालेल का?

"मे महिन्यात काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही.

झडप कशाची, तेही विचारलं. त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, बैलाच्या काळजावरच्या आवरणाची. माझ्या गळ्यातली देवीची माळ त्यांनी बघितली असणार. लोखंडाचीही असते, पण या जागी हीच बरी. मी विचार करून सांगते म्हटलं.

बसमध्ये वडलांचा ढवळ्या आठवत होता. चिखलणीच्या वेळी वडील दमले की तो आपणहून थांबायचा. मी त्याच्या पाठीवर गाल टेकून उभी राहायची, आत ठोके ऐकू येत. मोठे, संथ. मला तेव्हा वाटे, असं काळीज हवं.

देवीला हे सांगणार आहे. आणि त्या जनावराच्या नावाने दर अमावास्येला गोग्रास काढायचा. दुसरं काय देणार?

१८ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय. मध्येच आले तर मेची सुट्टी त्यातच जाईल, आणि कंपनी परत घेईल की नाही कोण जाणे. तनया आहे, सासूबाई आहेत, पूनम आहे. ऑपरेशन होऊन जाईल. मे महिन्यात आले की दारात उभी राहून दाखवीन.

असं लिहिलं खरं. पण आमच्या घरावरून मोपाची विमानं उतरतात. आवाज आला की सासूबाई अंगणात जाऊन वर बघतात. त्यांना मी हसते. आज आवाज आला आणि बघते तर मीच हातातली परात घेऊन अंगणात उभी.

लग्नाला बावीस वर्षं झाली. सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर किती संसार झाला, हे मोजायला बसले होते. नको म्हणून सोडलं. इतक्या वर्षांत 'या' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मागितलं की मिळालं नाही तर लागतं. न मागता पुरवून घ्यायची मला सवय आहे.

तनयाला आज विहिरीवर गाठलं. "कोण गे तो?"

"खंयचो?"

"ज्याच्याकडे बोलतंस तो."

ती गालात हसली. "आसा एक. जेवण बरां करता."

"जातीन कोण?"

"आमच्यातलोच." आणि घागर उचलून पळाली.

स्वयंपाक येणारा जावई मिळाला तर वाईट नाही. पण वय काय, घरचे कोण, हे विचारून घ्यायला हवं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज म्हटलं.

ठरवलं नव्हतं. फोन आला, नेहमीचं बोलणं झालं. बांगडे स्वस्त झालेत, तुळशीचं लग्न नीट पार पडलं, पूनमच्या गाईला पाडा झाला. मग हे म्हणाले, "आरती म्हण गो." मी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला माझा श्वास पुरेना. मी थांबले. हेही थांबले. इतक्या लांबची शांतता फोनमध्ये कशी ऐकू येते नकळे.

मी म्हटलं, "तुम्ही या."

त्यांनी कशाला विचारलं नाही. काय झालं विचारलं नाही. म्हणाले, "येतंय."

"मे महिन्यात नाही. आता."

"होय गो. इसाक येतंय. तिकीट काडलां."

मग मी सगळं सांगितलं, झडपेचं, बैलाचं, नदीचं. ते 'हूं, हूं' करत राहिले, एकदाही दचकले नाहीत. धीराचे आहेत. वीस डिसेंबरचं तिकीट आधीच काढलेलं कसं, हे मात्र मला उलगडलं नाही. तनया म्हणाली, कंपनी कधी कधी आपणहून सुट्टी देते. चांगली कंपनी आहे. ही सातेरीचीच कृपा. बोलली नाही, पण केलं.

फोन ठेवल्यावर सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी नुसतं "बरां" म्हटलं आणि ह्यांची गादी उन्हात घालायला काढली. गादी आधीच एकदा उन्हात घातलेली होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

आले. केस पांढरे झालेत, फोनमध्ये तेवढे दिसत नव्हते. हातातली पिशवी मी घ्यायला गेले तर दिली नाही.

४ जानेवारी, शनिवार

पंधरा दिवस मी चुलीपाशी गेलेले नाही. हेच रांधतात. ह्यांच्या हाताला दोनशे माणसांच्या मापाची सवय. पहिल्या दिवशी सोलकढी केली ती पूनमच्या घरी, तिच्या जावेच्या घरी आणि पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला पुरली. मी काही बोलले नाही. एरवी नारळाचा हिशेब मांडला असता.

ऑपरेशनच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दात किडलेला असेल तर त्यातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. सासूबाईंचं बोलणं सुरूच, "काळजाचां दुखणां आणि तोंड उघडून बगतत. उद्या केस मोजतले." एक दाढ काढली. यापुढे दातांचं काही काम असलं की आधी औषध घ्यायचं, जन्मभर.

सकाळी हे अंगणात मिश्री लावत असतात, मी तुळशीपाशी. काही बोलत नाही. मला वाटतं, असंच पुष्कळ दिवस चालावं. मग आठवतं की असं चालण्याचं कारण काय आहे. ते कारण नको, पण हे हवं. देवीपुढे मागताना नीट सांगता आलं नाही, नुसते हात जोडले.

६ जानेवारी, सोमवार. बांबोळी

उद्या सकाळी. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना संध्याकाळी थोडाच वेळ येऊ देतात. हे स्टुलावर बसले. मी म्हटलं, काही झालं तर तनयाचं ते प्रकरण बघा, मुलगा स्वयंपाकी आहे म्हणते.

हे एवढे हसले की नर्सबाई रागावली. हसण्यासारखं काय होतं? मग डोळे पुसत म्हणाले, "बगतंय. तो माका बरो म्हायत आसा."

म्हणजे ह्यांना आधीच ठाऊक आहे. मला कोणीच काही सांगत नाही.

घंटा झाली तेव्हा उठले, पडद्याशी गेले, परत आले आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली. नीटच होती.

वही तनयाकडे देते.

२ फेब्रुवारी, रविवार. घरी

हात अजून जड आहे. थोडंच लिहिते.

छातीवर जुन्या रेघेवरच नवी रेघ. खोकताना उशी दाबून धरायची. भात अर्धी मूद, मीठ मोजून. ह्यांनी चमचा ठरवलाय.

आज सकाळी आरती म्हटली. सवयीने कडव्याच्या मध्ये थांबले, आणि बघते तर मागे अजून श्वास शिल्लक. पेटीत विसरलेलं लुगडं सापडावं तसं वाटलं. मी पुढे म्हणतच गेले. देवघराच्या दारात हे उभे होते, तोंड भिंतीकडे करून. त्यांना सर्दी झाली आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी. फुगलेली बाजू आवरायला लागली आहे. ठोके नीट. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, हळूहळू सगळं करा. जड उचलू नका, फुगडी पुढच्या चवथीला बघू.

मग चष्मा काढून, जरा वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, "पण एक सांगते. सुटका नाही हं. ही झडपही कधीतरी झिजेल, दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी. तेव्हा कदाचित पायाच्या शिरेतून घालता येईल. तोवर दर वर्षी यायचं. जन्मभर."

ह्यांनी विचारलं, "खंयच्या महिन्यात?"

"ह्याच. फेब्रुवारीत."

"बरं," ह्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "दर फेब्रुवारीत मी घेऊन येईन. दोन महिन्यांच्या सुट्टीऐवजी दर वर्षी थोडी थोडी घेतो. कंपनीशी बोललोय."

बाईंना वाटलं असेल, ही बाई सुटका नाही म्हटल्यावर हसते कशी. मी पदर तोंडाला लावला.

बाहेर बाकावर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर बसली होती. आईच्या मांडीवर जाड फाइल, दोरीने बांधलेली. आई म्हणत होती, "आता बरी आसा, मगे परत परत कित्याक येवपाचां?" मी त्यांच्याजवळ बसले. काय बोलले ते लिहीत नाही, पण बरंच बोलले. आमची बस चुकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

परवा ह्यांचं विमान. बॅग भरली. लोणचं, कोकम, सातेरीचा अंगारा. मेची सुट्टी आधीच खर्च झाली, तेव्हा आता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलंय. तनयालाही म्हटलं, तुझ्या त्या मुलाला घेऊन ये एकदा, हे आहेत तोवर. ती म्हणाली, "आई, तू खरीच भोळी गे." यात भोळं काय?

संध्याकाळी हे म्हणाले, दर्यावर जाऊया. जुनासवाड्याच्या बाजूला, जिथे खुर्च्या मांडलेल्या नाहीत तिथे. मांद्र्यात राहून आम्ही दोघं दर्यावर कधी गेलो होतो ते आठवत नाही. मासळी आणायला गेले असेन.

वाळूत चालणं सोपं नाही, चांगली धडधाकट माणसं दमतात. मी चालत होते. ह्यांचं सगळं लक्ष माझ्या पावलांकडे. बरंच चाललो. रापणीचं जाळं ओढून सुकत घातलं होतं तिथवर गेलो, त्याच्याही पुढे गेलो. माझा श्वास जागेवर होता. ठोके संथ, मोठे. मला वाटलं अशीच केरीपर्यंत जाईन.

हे थांबले. "दमलंस? बसूया?"

मी दमले नव्हते. जन्मात इतकी न दमलेली मी कधी नव्हते. पण मी छातीवर हात ठेवला आणि होय म्हटलं. सातेरीने क्षमा करावी.

बसलो. ह्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उठाची घाय ना. श्वास जाग्यार येयसर बस."

काळोख पडेपर्यंत मी तो जागेवर येऊ दिला नाही.